ऑनलाइन सभा आणि निवडणुकीची वर्गणी: विधानसभेपासूनचा अनुभव

गेल्या आठवड्यात ऑनलाइन सभेच्या कंपनीनं आमच्या गटाच्या खात्यातून अख्ख्या वर्षाचे पैसे कापले. आमची योजना महिन्याची होती. ग्राहक सेवेतून प्रत्येक वेळी तेच इंग्रजी उत्तर येतं आणि पैसे अजून परत आलेले नाहीत. हा पैसा सोयाबीन विकून दिलेल्या वर्गणीतला आहे, म्हणून राग जास्त आहे. तो बाजूला ठेवून विधानसभेपासून या साधनाचा काय उपयोग झाला ते लिहितो. पुढच्या निवडणुकीला कुणाच्या तरी कामी येईल.

लातूर जिल्ह्यातल्या एका अपक्ष उमेदवाराचा हिशेब मी सांभाळत होतो. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. फुकटच्या योजनेत सभा 40 मिनिटांत बंद पडते, आवाज तुटतो, वीज जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

सुरुवातीला माझं मत होतं की पैसा पुण्याकडे हिंजवडी-चाकणला नोकरी करणाऱ्या पोरांकडून येईल आणि गावं नुसती ऐकतील. अर्ज भरायची शेवटची तारीख 29 ऑक्टोबर 2024, नेमकी धनत्रयोदशी. पोरं दिवाळीला गावी आली होती, सभेला गर्दीही झाली. पण पुण्याच्या पोरांचा पहिला प्रश्न, आयकरात सूट मिळेल का? तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या कलम 80जीजीसीची सूट नोंदणीकृत पक्षाला किंवा इलेक्टोरल ट्रस्टला (देणग्या गोळा करून पक्षांना देणारी संस्था) दिलेल्या देणगीवर होती, अपक्षाला दिलेल्या रकमेवर नव्हती. हे सांगितलं की निम्मे गप्प व्हायचे. गावं मात्र देत राहिली. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये आणि मोंढ्यात दर त्याच्या खाली, तरी लोकांनी शंभर-दोनशे टाकले.

का टाकले? नाव वाचलं जायचं म्हणून. हरिनाम सप्त्याच्या पट्टीसारखंच, म्हणजे वर्गणीसारखंच आहे हे. अण्णांचं भाषण कितीही रंगलं तरी भाषण चालू असताना पैसे यायचे नाहीत. भाषण थांबवून गावाचं आणि माणसाचं नाव घेतलं की लगेच पुढचे चार जण पाठवायचे. एका आजोबांनी सभा संपल्यावर फोन केला, ‘‘आरं, माझं नाव कामून नाही घेतलं?’’ दिलेली रक्कम त्यांनी सांगितलीही नाही. तेव्हापासून भाषण दहा मिनिटं आणि नावं अर्धा तास, असा क्रम ठेवला. सभेचं तंत्र म्हणून मला विचाराल तर एवढंच.

आता खरा त्रास, आणि त्याबद्दल मी लांबलचक लिहिणार आहे. पैसे कुणी दिले हे कळत नाही.

पडद्यावर क्यूआर दाखवून फारसा उपयोग नाही, कारण लोक सभाच फोनवर बघतात. आपल्याच फोनवरचा कोड त्याच फोननं स्कॅन करायचा तर स्क्रीनशॉट काढावा लागतो, ते सगळ्यांना जमत नाही. म्हणून यूपीआय आयडी चॅटमध्ये टाकायचो. पैसे यायचे, पण बँकेच्या उताऱ्यात अर्धवट तुटलेलं नाव आणि बारा आकडी क्रमांक. त्यात वडील देतात मुलाच्या फोनवरून, सासू देते जावयाच्या. आणि जावई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक निघाला तर? सरकारी नोकराला राजकीय वर्गणी देता येत नाही. वर्गणी सासूची, नोकरी धोक्यात जावयाची. अशी रक्कम कळली की आम्ही परत पाठवली आणि सासूबाईंकडून पावती फाडून रोख घेतली. रोख घेताना एका माणसाकडून 10,000 च्या वर जायचं नाही, हेही लक्षात ठेवा.

परदेशातल्या पैशाचंही तसंच. दुबईत काम करणारा आपला पोरगा भारतीय नागरिक असेल तर अडचण नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या भावाचा पैसा मात्र घेता येत नाही. उताऱ्यातल्या नावावरून हे ओळखायचं कसं?

त्यात निवडणुकीच्या खर्चाचे नियम: अर्ज भरण्याआधी उघडलेलं स्वतंत्र खातं, खर्चाच्या नोंदवहीत रोखीची गुलाबी पानं, बँकेची पिवळी पानं, खर्च निरीक्षकाची किमान तीन वेळा तपासणी, आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब. तो दिला नाही तर उमेदवार तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकतो. 40 लाखांची खर्चाची मर्यादा आमच्यासाठी फार लांबची गोष्ट होती. आमची झोप उडाली ती दीडशे-दोनशे रुपयांच्या निनावी नोंदींनी. सभेच्या योजनेचं भाडंसुद्धा खर्चात दाखवावं लागतं, ते कुणी विसरू नये.

उपाय निलंग्याच्या एका कार्यकर्तीनं काढला. प्रत्येक गावाला एक आकडा द्यायचा. ज्या गावाचा आकडा 7, त्या गावानं 107, 207, 507 अशीच रक्कम टाकायची. उतारा बघितला की शेवटच्या दोन आकड्यांवरून गाव कळतं आणि गावातला आपला माणूस त्याच रात्री खरं नाव-पत्ता लिहून पाठवतो. यासाठी ना ॲप लागलं, ना पैसा. महागडी योजना घेण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं चाललं. माझं या सगळ्या प्रकाराबद्दलचं मत तिथून बदललं. त्याआधी मी अण्णांना सांगणार होतो की ऑनलाइन बंद करा, पावती पुस्तकं छापा.

अण्णा निवडून आले नाहीत. हिशेब मात्र मुदतीत आणि नावानिशी गेला, आणि गावं अजून महिन्याच्या सभेला जोडलेली आहेत.

घ्यायचंच असेल तर साधी योजना घ्या, प्रचाराच्या महिन्यापुरती, आणि पैसे भरल्याच्या दिवशीच यूपीआयमधलं ऑटोपे रद्द करा. आमची सभा या महिन्यापासून व्हॉट्सॲपच्या ग्रुप कॉलवर होईल. एका वेळी माणसं कमी बसतील, म्हणून तालुक्यावार वेगळे दिवस ठरवले आहेत.