इस्त्रीचा तळ काळा पडलाय? सोडा, मीठ की व्हिनेगर हे ठरवण्याआधी डाग ओळखा

पांढऱ्या शर्टावरून इस्त्री फिरवावी आणि खिशाच्या वर तपकिरी पट्टा उमटावा, की पहिली धाव स्वयंपाकघराकडे जाते. कुणी सोडा लावायला सांगतं, कुणी मीठ, कुणी व्हिनेगर. तिन्ही उपाय खरे आहेत, पण एकाचं काम दुसरा करत नाही. मी तिन्ही अनेकदा केलेत आणि नॉन-स्टिक तळाची एक चांगली इस्त्री मिठाने कायमची घालवलीही आहे. तेव्हापासून मी आधी डाग बघते, मग डबा उघडते.

इस्त्रीचा प्लग काढा, ती पूर्ण गार होऊ द्या आणि उजेडात तळावर नख हलकेच फिरवून बघा. वाफेच्या भोकांभोवती पांढरट, खडूसारखं काही असेल आणि नखाला भुकटी लागत असेल, तर ते पाण्यातले क्षार. मंद तपकिरी, चमक नसलेला आणि ओल्या बोटाने किंचित बुळबुळीत होणारा थर म्हणजे करपलेली खळ. चकचकीत, कडक, नखाखालून घसरणारा पापुद्रा दिसला तर कृत्रिम धागा वितळून बसलाय. आणि कोमट तळावर फडकं धरताच चिकट तार सुटत असेल, तर कॉलरच्या किंवा अल्टरच्या पट्टीचा गोंद आहे.

खळीसाठी डबा उघडायचीच गरज नसते. सुती फडकं गरम पाण्यात भिजवून पिळा, चौपदरी घडी घाला आणि प्लग काढलेली कोमट इस्त्री त्यावर दहा-पंधरा मिनिटं टेकवून ठेवा. करपलेला थर फुगतो आणि पुसताना फडक्यावर तपकिरी चिखल येतो. हे एक-दोनदा केलं की निम्म्याहून जास्त इस्त्र्या इथेच स्वच्छ होतात, असा माझा अनुभव आहे. लोक घासायला आधी घेतात आणि भिजवायचं विसरतात.

त्यातून जे उरेल त्याला खाण्याचा सोडा. दोन चमचे सोडा, एक चमचा पाणी, टूथपेस्टइतपत घट्ट. गार तळावर, भोकं टाळून लावा, पाच मिनिटं थांबा आणि ओल्या मऊ फडक्याने गोल गोल पुसा. सोडा सौम्य अल्कली आहे, त्यामुळे तेलकटपणा आणि गोंदाचा अंश सैल होतो. त्याचे कण बारीक आणि पाण्यात अर्धवट विरघळलेले असतात, त्यामुळे घासणंही सौम्य होतं. उघड्या स्टीलच्या तळासाठी हाच माझा पहिला कौल. त्याची एकच खोड आहे: पांढरी भुकटी भोकांत जाऊन बसते आणि पुढच्या वेळी काळ्या कपड्यावर वाफेबरोबर बाहेर पडते. कानात घालायच्या कापसाच्या काडीला पाणी लावून एकेक भोक पुसा, मग जुन्या कापडावर दोन-तीन मिनिटं वाफ सोडा. आणि डबा नीट वाचून घ्या. बेकिंग पावडर म्हणजे सोडा नव्हे. तिच्यात बहुधा स्टार्चही असतो, म्हणजे आपण जे काढतोय तेच पुन्हा लावणार. धुण्याचा सोडाही नको, तो बराच तीव्र असतो आणि ॲल्युमिनियम काळवंडवतो.

मिठाचं काम वेगळं. कागदावर बारीक मीठ पसरायचं, वाफ बंद ठेवायची आणि गरम इस्त्री त्यावरून फिरवायची. गोंदाचे चिकट ठिपके मिठाला धरून निघून येतात, आणि हे सोड्यापेक्षा झटपट होतं. मिठाचा कण स्टीलपेक्षा मऊ असतो, म्हणून उघड्या स्टीलला सहसा काही होत नाही. नॉन-स्टिक थर मात्र मिठापेक्षा मऊ असतो. माझ्या त्या इस्त्रीवर पहिल्याच फेरीत केसासारख्या रेघा उमटल्या, आणि पुढे त्या रेघांतच खळ अडकून करपू लागली. थर गेला की कुठलाही घरगुती उपाय तो परत आणत नाही. उघड्या ॲल्युमिनियमच्या तळालाही मीठ नकोच. स्टीलवर वापरलं तरी शेवटी ओल्या फडक्याने पुसून घ्या, कारण ओलाव्याबरोबर राहिलेलं मीठ धातूला खातं.

व्हिनेगरवर लोकांचा भरवसा फार, पण तेही एकाच शत्रूवर चालतं: पांढरे क्षार. त्यातलं आम्ल क्षारांशी लागलीच रासायनिक क्रिया करतं, बारीक बुडबुडे येतात आणि खडू विरघळतो. करपलेल्या नायलॉनवर मात्र तासभर ठेवलं तरी ढिम्म. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजवलेल्या फडक्यावर गार इस्त्री वीस मिनिटं ठेवा आणि साध्या पाण्याने पुसा. गरम इस्त्री त्यावर ठेवू नका, उग्र वाफ थेट डोळ्यांत जाते. टाकीत व्हिनेगर ओतायचं ते इस्त्रीसोबतच्या पुस्तिकेत तशी परवानगी असेल तरच, नाहीतर आतले रबरी भाग खराब होऊ शकतात. वास नको असेल तर कपभर पाण्यात चमचाभर लिंबाचं फूल विरघळवा, काम तेच होतं. ताजा लिंबाचा रस मी टाळते, त्यातली साखर आणि गर गरम तळावर स्वतःच करपतात.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून येणारा फेस बघायला छान वाटतो. पण त्या फेसात दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे जवळजवळ खारट पाणीच राहतं. दोन्ही वापरायचे असतील तर वेगवेगळ्या दिवशी, मधे पुसून. मेणबत्तीही नको, मेण भोकांत उतरतं आणि मग कपड्यावर तेलकट ठिपके पडतात. तापलेल्या इस्त्रीवर तापाची गोळी घासण्याचा प्रकार तर अजिबात करू नका. तो धूर नाकात घ्यायचा नाही आणि गोळी हे साफसफाईचं साधनही नाही.

सगळ्यात हट्टी डाग वितळलेल्या धाग्याचा. कपड्याच्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका म्हणजे साधारण 110 अंश सेल्सिअस, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. नायलॉनचा एक प्रचलित प्रकार 220 अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याच्या बराच आधी मऊ पडतो. सुती कपड्यानंतर बटण न फिरवता नायलॉनचं अस्तर हाती घेतलं की तिथेच घात होतो. यावर सोडा नाही, मीठ नाही. इस्त्री अगदी मंद तापवा, पापुद्रा मऊ झाला की प्लग काढा आणि लाकडी उलथन्याच्या सपाट कडेने तो एका दिशेने ढकला. कडेला गोळा झालेली गुठळी जाड सुती कापडावर पुसून घ्या. एका वेळी थोडंच निघतं, पुन्हा तापवावं लागतं. सुरी किंवा तारेची घासणी हातात घ्यावीशी वाटेल, घेऊ नका.

तुमचा तळ कसला आहे हेच कळत नसेल तर तो नॉन-स्टिक आहे असं धरून चाला: कोमट ओलं फडकं, भांड्यांच्या साबणाचा थेंब, मऊ हात. त्याने भागलं नाही तर कडेच्या इंचभर जागेवर सोडा लावून बघा. रेघ उमटली नाही तरच पुढे जा.

कुठलाही उपाय केला तरी शर्ट लगेच घेऊ नका. जुनी पांढरी चादर पसरा, इस्त्री पूर्ण तापवा, भरपूर वाफ सोडत चार-पाच वेळा फिरवा. चादरीवर फिकट पिवळी रेघ जरी आली तरी एखाद्या भोकाच्या कडेला काहीतरी राहिलंय. गार झाल्यावर कापसाची काडी घेऊन तिथेच बघा.