पोर्तो ते विगो 'सेल्टा' : डावीकडची खिडकी धरा

इबेरियन द्वीपकल्पावर पोर्तुगाल आणि स्पेन एकमेकांना खेटून आहेत, मधली हद्द बाराशे किलोमीटरची, आणि तरी लिस्बन-माद्रिद अशी थेट गाडी नाही. रात्रीची एक होती, ती मार्च 2020 मध्ये बंद पडली ती पडलीच. रुळांवरून हद्द ओलांडायची हौस असेल तर 'सेल्टा' पकडा. पोर्तोच्या कांपान्या स्टेशनातून सुटते, स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातल्या विगोला पोचते. दिवसाला दोन फेऱ्या, सव्वादोन-अडीच तास, तिकीट पंधरा युरोच्या आसपास.

भुसावळ विभागात पी-वे (रूळ सांभाळणाऱ्या) खात्यात नोकरी झाल्यामुळे माझी नजर डब्याआधी रुळांवर जाते. हिला म्हटलं, "हे तर आपलं ब्रॉडगेज!" अगदी तेच नाही. दोन रुळांमधलं अंतर आपलं 1676 मिलिमीटर, इथलं 1668. आठ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, तीव्र वळणावर एवढी ढील आपल्याकडेही चालते. पिरेनीज ओलांडून फ्रान्समध्ये गेलात की मात्र 1435. स्पेन-पोर्तुगालमध्येही पूर्वी काही मिलिमीटरचा फरक होता, तो 1955 मध्ये मिटवून दोघांनी 1668 वर शिक्कामोर्तब केलं. बाकी बाबतीत या दोघांचं फारसं सख्य नव्हतं. 1143 पासून पोर्तुगालचं राज्य वेगळं, 1297 च्या करारात हद्द बरीचशी ठरली, ती थोड्याफार फरकाने आजही तीच. मध्ये 1580 ते 1640 स्पेनचाच राजा पोर्तुगालच्या गादीवर होता. हिचं माहेर मडगाव, ती लगेच म्हणाली, "म्हणजे तेव्हा आमच्या गोव्याचा राजाही तोच!" होय, तोच.

गाडी म्हणाल तर जुनी डिझेल रेलकार. टपावर एसीचे उंचवटे, म्हणून तिला तिथले लोक उंट म्हणतात. हद्दीवरच्या वलेन्सा गावापर्यंत 2021 मध्ये विजेच्या तारा आल्या, पण आम्ही गेलो तेव्हा ही डिझेलवरच धावत होती. पँट्री नाही. पोर्तोहूनच पाव-चीज आणि पाणी घेऊन चढा.

सुरुवातीचा तासभर झोप काढलीत तरी चालेल. व्हियाना दो कास्तेलोच्या आधी मात्र जागे व्हा. तिथे लिमा नदीवर आयफेलच्या कंपनीने बांधलेला 1878 चा दुमजली पूल आहे. गाडी खालच्या मजल्यातून जाते, मोटारी डोक्यावरून. पुढे अटलांटिक डाव्या हाताला लागतो. कामिन्याला रूळ आत वळतात आणि मिन्यो नदी सोबतीला येते. पलीकडे सांता त्रेगाचा डोंगर दिसतो, तो स्पेनचा. मिन्यो उगम पावते स्पेनमध्ये, पण शेवटची सत्तरेक किलोमीटर तीच हद्द आहे. त्या पट्ट्यात गाडी कितीतरी वेळ पोर्तुगालमधून स्पेन दाखवत चालते. माझ्या मते तिकिटाचे पैसे इथेच वसूल.

वलेन्साच्या टेकडीवर ताऱ्याच्या आकाराचा किल्ला, समोरच्या काठावर स्पेनमधल्या तुई गावाचं कॅथेड्रल, आणि मध्ये 1886 चा लोखंडी पूल. हाही दुमजली, पण इथे गाडी वरच्या मजल्यावर आणि रस्ता खाली, म्हणजे व्हियानाच्या बरोबर उलट. पुलावर वेग इतका कमी होतो की रिव्हेटच्या रांगा दिसतात. मी मोजायला लागलो, हिने हात धरून बसवलं. पासपोर्ट बघायला कोणी आलं नाही, दोन्ही देश शेंगेन या मुक्त प्रवासाच्या युरोपीय क्षेत्रातले.

पूल ओलांडला की मोबाइलचं घड्याळ तासभर पुढे. गंमत अशी की विगो पोर्तोपेक्षा किंचित पश्चिमेला आहे, सूर्याच्या हिशेबाने वेळ मागे हवी. पण 1940 मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनने घड्याळं पुढे केली आणि ती तशीच राहिली. वेळापत्रकात सुटण्याची वेळ पोर्तुगालची, पोचण्याची स्पेनची असते. त्यामुळे जाताना प्रवास साडेतीन तासांचा वाटतो आणि परतताना तास-दीड तासाचा. पुढची गाडी ठरवताना हे ध्यानात ठेवा.

शेवटच्या टप्प्यात जागा बदलून उजवीकडे बसा. रेडोंडेलाच्या पुढे विगोची खाडी लागते आणि पाण्यात शिंपल्यांच्या शेतीचे लाकडी तराफे रांगेने दिसतात.

पाचात चार गुण. एक कापला तो डब्यांच्या वयासाठी आणि दिवसाला दोनच फेऱ्या असल्याबद्दल. सान्तियागोला पुढे जाणाऱ्यांसाठी एक सूचना: सेल्टा विगो-गिशार स्टेशनात थांबते, तर सान्तियागोच्या जलद गाड्या बहुतेक उर्साइस स्टेशनातून सुटतात. दोन्हींत किलोमीटरभर चढ आहे, मोठी बॅग असेल तर सरळ टॅक्सी करा.