डार्क : तिसऱ्यांदा पाहिली तरी घरातलं भांडण मिटलं नाही

आधीच सांगते, स्पॉयलर आहेत आणि अगदी शेवटच्या सीनपर्यंतचे आहेत. ज्यांनी पाहिली नाहीये त्यांनी पुढचा एक पॅरा वाचा आणि सरळ जाऊन मालिका सुरू करा, बाकीचं नंतर वाचायला या.

तर डार्क ही नेटफ्लिक्सवरची जर्मन मालिका, बारान बो ओडार आणि यांटये फ्रीजे या दोघांनी बनवलेली, 2017 ते 2020 मध्ये तीन सीझन आले, एकूण 26 एपिसोड. विंडन नावाचं काल्पनिक गाव, बाजूला अणुऊर्जा प्रकल्प, जंगलात गुहा, आणि 2019 मध्ये गायब झालेला अकरा वर्षांचा मिकेल. चार कुटुंबं आहेत आणि प्रत्येक माणूस दोन-तीन वयांत दिसतो, त्यामुळे वही घेऊन बसा, खरंच बसा, मी पहिल्या वेळी बसले नाही आणि चौथ्या एपिसोडला सगळं परत मागे नेऊन बघावं लागलं. ऑडिओ जर्मनच ठेवा आणि सबटायटल लावा. इंग्रजी डबिंगमध्ये त्या लोकांच्या आवाजातला थकवा पार निघून जातो. फोन हातात घेऊन बघायची मालिका नाही ही.

आता मुद्द्यावर येते. आमच्याकडे मी, माझा धाकटा भाऊ आणि एक मैत्रीण असे तिघांनी मिळून ही मालिका तिसऱ्यांदा पाहिली ती केवळ वाद मिटवायला, की यात खरे प्लॉट होल किती आणि आपल्याला न कळलेलं किती. भावाची यादी मोठी होती. त्यातलं निम्मं पहिल्या दिवशीच निकालात निघालं, कारण विचित्र असणं म्हणजे होल नव्हे. होल म्हणजे मालिकेने स्वतः घालून दिलेला नियम स्वतःच मोडला तर. उदाहरणार्थ टाइम मशीनचा शोध कोणी लावला? 1953 मध्ये म्हातारी क्लॉडिया (अणुप्रकल्पाची एकेकाळची प्रमुख) घड्याळवाल्या टानहाउसला आराखडे आणून देते, तो त्यावरून यंत्र बनवतो, आणि ते आराखडे त्याच यंत्राचे, म्हणजे शोध कोणीच लावला नाही. डोकं गरगरतं, मान्य, पण मालिका हे लपवत नाही, बूटस्ट्रॅप पॅरॉडॉक्स म्हणून उघड सांगते आणि सगळी इमारतच त्यावर उभी करते.

शार्लोट आणि एलिझाबेथवर मात्र आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. या दोघी एकमेकींच्या आई पण आहेत आणि मुली पण. भाऊ म्हणाला हे जीवशास्त्रात बसूच शकत नाही, प्रत्येक फेरीत जीन्स निम्मे होत जाणार, मग पाच-सहा फेऱ्यांनंतर शार्लोटमध्ये शार्लोटचं काय उरणार? मला आधी हे पटलं होतं. मग मैत्रिणीने विचारलं, फेऱ्या कुठे आहेत? काळ जर बदलता येत नसेल तर सगळं एकदाच घडतंय, एकच शार्लोट आहे, एकच एलिझाबेथ, जो तुकडा एकीकडून दुसरीकडे आणि दुसरीकडून परत पहिलीकडे जातो त्याला सुरुवात नाही एवढंच, आराखड्यांसारखंच. त्यावर भाऊ गप्प बसला. (हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे हाच आमच्यावर उलटला.)

काळ बदलत नाही हा नियम पहिल्या दोन सीझनमध्ये इतका घट्ट पाळलाय की त्यासाठीच मला ही मालिका एवढी जीव लावून आवडते. मिकेलचा बाप उलरिश 1953 मध्ये जाऊन, पुढे मुलं पळवणाऱ्या लहानग्या हेल्गेला मारायला बघतो, तो मरत नाही, उलट ज्या जखमा आपण म्हाताऱ्या हेल्गेच्या तोंडावर आधीपासून बघत होतो त्या तिथेच होतात. म्हातारा हेल्गे 1986 मध्ये स्वतःच्याच तरुण रूपाला गाडी धडकवून संपवायला जातो आणि म्हाताराच मरतो. पाद्री नोआ काळप्रवाशांच्या म्होरक्यावर, म्हणजे ॲडमवर, पिस्तूल रोखतो, ते चालत नाही, आणि तेच पिस्तूल त्याच्या बहिणीच्या, आग्नेसच्या हातात नीट चालतं. प्रत्येक वेळी माणूस जे टाळायला धावतो तेच घडवून येतो आणि आपल्याला उलरिशचा राग यायच्या ऐवजी पोटात तुटतं.

मालिकेचा नायक जोनास मेला तरी जिवंत कसा, हा दुसरा नेहमीचा आक्षेप. तो होल नाही. 27 जून 2020 च्या अणुप्रकल्पातल्या स्फोटाच्या क्षणी दोन वाटा फुटतात, एकीत दुसऱ्या, समांतर जगातली मार्था (त्याची प्रेयसी) येऊन त्याला घेऊन जाते, दुसरीत मित्र बार्टोश तिला अडवतो आणि जोनास तळघरात लपून वाचतो. पहिला पुढे मार्थाच्या हातून मरतो, दुसरा ॲडम होतो. मालिका दोन्ही दाखवते, फक्त मध्ये बरेच एपिसोड जातात म्हणून सुटून जातं. आणि तिसरा सीझन नेमका 27 जून 2020 लाच आला होता, दुसरा 21 जून 2019 ला म्हणजे जोनासचा बाप मायकेल आत्महत्या करतो त्याच तारखेला. इतकी बारकाई करणारी माणसं आहेत ही.

आणि म्हणूनच हानाचं प्रकरण खटकतं. मिकेल 1986 मध्ये पोचतो तेव्हा हाना पण लहान आहे, त्याला भेटते, पुढे तो मायकेल होतो, तिच्याशी लग्न करतो, त्यांना जोनास हा मुलगा होतो. दरम्यान त्याच छोट्या गावात तिच्याच ओळखीच्या उलरिश आणि काथारिनाला मुलगा होतो, नाव मिकेल, आणि तो हळूहळू हुबेहूब तोच चेहरा घेऊन मोठा होतो. तेहतीस वर्षांपूर्वीचा चेहरा कोणाला आठवतो असं मी बरेच दिवस म्हणत होते. पण मैत्रीण म्हणाली हानाने तो चेहरा एकदा नाही पाहिला, ती त्याच्याबरोबर लहानाची मोठी झालीये, नवऱ्याचे लहानपणचे फोटो घरात असतील की नाही? याला माझ्याकडे उत्तर नाही. एका सीनमध्ये तिला दचकलेलं दाखवलं असतं तरी भागलं असतं.

पण खरा होल तिसऱ्या सीझनच्या शेवटी आहे आणि तो लोक समजतात तो नाही. सगळे भांडतात ते आजोबा पॅरॉडॉक्सवर, की मूळ जगातल्या टानहाउसने अपघातात गेलेल्या मुलाला परत आणायला यंत्र बनवलं आणि त्यातूनच ही दोन्ही जगं जन्मली, मग जोनास आणि मार्थाने तो अपघात टाळला तर यंत्र बनणार नाही, यंत्र नाही तर ही दोघं नाहीत, मग अपघात टाळला कोणी? मला हे चालतं. वाटा फुटतात हे जोनासच्या वेळी दाखवून झालंय, इथे तेच मोठ्या प्रमाणावर आहे. मला बोचतं ते क्लॉडियाचं ॲडमशी शेवटचं बोलणं. ती सांगते की हे सगळं अगणित वेळा घडून गेलंय पण ही आपली भेट पहिल्यांदाच होतेय. पहिल्यांदा? काळ एकदाच आणि कायमचा लिहिलेला असेल तर "अगणित वेळा" कुठून आलं, आणि फेऱ्या खरंच असतील तर मग शार्लोटच्या जीन्सबद्दल भाऊ बरोबर होता! दोन्ही एकदम खरं नाही होऊ शकत. शिवाय स्फोटाच्या वेळी काळ क्षणभर थांबतो आणि तिथूनच सुटायची फट मिळते, ही गोष्ट आधीच्या दोन सीझनमध्ये मी वहीत शोधून शोधून दमले, मला तरी तिचा साधा इशाराही सापडला नाही. ज्या मालिकेने अठरा एपिसोड फट नाही म्हणून आपल्याला रडवलं तिने ती फट आधी पेरायला हवी होती.

तरीही पाचपैकी साडेचार देते. अर्धा क्लॉडियाच्या त्या एका वाक्यासाठी कापला. कारण शेवटच्या जेवणाच्या सीनला (दोन जगांची गाठ सुटल्यावर मूळ जगात फक्त तिच्याबाहेरचीच माणसं उरतात) आम्ही पॉज करून टेबलाभोवतीचा एकेक माणूस मोजला, काथारिना आहे पण उलरिश नाही, पेटर आहे पण शार्लोट नाही, रेगिना आहे म्हणजे तिचा बाप ट्रोंटे असूच शकत नाही, कारण ट्रोंटे त्या गाठीतूनच जन्मलाय. एकही माणूस चुकीचा बसलेला नाही. मग पोटुशी हाना बाळासाठी जोनास हे नाव आवडतं म्हणते, आणि भाऊ, जो तीन आठवडे यादी घेऊन भांडत होता, तो उठून आत गेला, डोळे पुसून आला आणि म्हणाला पहिला एपिसोड लाव, हाना मिकेलकडे कशी बघते ते परत बघायचंय.