शुगरच्या क्लिनिकमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी पोटाचं नीट विचारलं

मला टाइप टू होऊन 14 वर्षं झाली, त्यात गेली दोन वर्षं चार घास खाल्ले की पोट गच्च, मळमळ, दुपारचं जेवण रात्रीपर्यंत तसंच वर बसल्यासारखं. आधीच्या डॉक्टरांकडे सांगितलं की ठरलेलं उत्तर, ॲसिडिटी आहे, आणि शुगर वरखाली होतेय म्हणजे तुम्ही पथ्य पाळत नाही. अहो पाळत होते मी! शेवटी शेवटी तर रिपोर्ट दाखवायला जायचंच जिवावर यायचं.

या क्लिनिकमध्ये डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक एकाच भेटीत बघतात. डॉक्टरांनी माझी शुगरच्या नोंदींची वही चाळली, जेवल्यावर दीड तासाने 64 म्हणजे कमी आणि त्याच रात्री पहाटे 270 म्हणजे खूप जास्त, असं तीनदा होतं, त्यावर बोट ठेवून म्हणाले, इन्सुलिन वेळेवर पोचतंय, अन्न उशिरा पोचतंय. वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की पोटाला हलवणारी व्हेगस नर्व्ह खराब होऊ शकते, मग पोट हळू रिकामं होतं, याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. तपासणीत किरणोत्सर्गी पदार्थ थोडासा मिसळलेलं खाणं देतात आणि 4 तास फोटो काढत राहतात, 4 तासांनी 10 टक्क्यांहून जास्त उरलं तर पोट मंद, माझं बरंच जास्त उरलं होतं. मग इन्सुलिनची वेळ त्यांनी बदलून दिली (हे कुणी स्वतःच्या मनाने करू नका प्लीज) आणि जेवण थोडं थोडं, मऊ, कमी तेलातुपाचं.

समुपदेशक मॅडमनी 20 प्रश्नांचा फॉर्म दिला, प्रत्येकाला 0 ते 4, बेरजेला 1.25 ने गुणून 100 पैकी गुण काढतात, 40 किंवा वर म्हणजे मधुमेहाचा ताण फार आहे. शुगर सांभाळून सांभाळून दमलात का अशा अर्थाचा एक प्रश्न होता, तिथे 4 वर गोल केला आणि मला रडूच फुटलं, त्या काही न बोलता शांत बसून राहिल्या. माझे 55 आले. हे डिप्रेशनच असतं असं नाही, आजार रोज वागवायचा ताण वेगळा असतो, हे त्यांनी समजावलं तेव्हा कितीतरी हलकं वाटलं.

आता शुगर एकदम सरळ झाली असं नाही, पण जेवायला बसायची भीती गेलीय.

तक्रार एवढीच की पहिल्या भेटीला अडीच तास थांबवलं, शुगरच्या पेशंटना असं ताटकळत ठेवू नये, आणि मॅडम आठवड्यातून दोनच दिवस असतात, ते वाढवा. पाचपैकी साडेचार स्टार.