आईची देखभाल घरी की केअर होममध्ये? इंग्लंडच्या कौन्सिलकडून मिळणाऱ्या मदतीचा हिशेब

सासूबाई पडल्या आणि त्यांना स्वतःहून आंघोळ जमेना, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: घर त्यांच्या नावावर आहे, कौन्सिल (इथली स्थानिक पालिका) कशाला मदत करेल? या समजुतीपायी आम्ही आठ महिने फोनच केला नाही. घर हिशेबात धरायचं की नाही, हे माणूस कुठे राहणार यावर ठरतं, हे आम्हाला उशिरा कळलं. (हे नियम इंग्लंडचे, स्कॉटलंड आणि वेल्सचे वेगळे आहेत.)

घरी राहा की केअर होममध्ये, पहिली पायरी दोन्हीकडे सारखीच. कौन्सिलकडे नीड्स असेसमेंट, म्हणजे काय मदत लागेल याची पाहणी, मागायचं. ते मोफत असतं आणि बँकेत कितीही पैसे असले तरी मागता येतं. मग पैशांची तपासणी होते. शिल्लक २३,२५० पौंडांच्या वर असेल तर खर्च स्वतःचा. १४,२५० च्या खाली असेल तर शिलकीला हात लागत नाही, उत्पन्नातून वाटा मात्र द्यावा लागतो. मधल्या रकमेवर दर २५० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात. या मर्यादा २०१० पासून हललेल्या नाहीत, आणि हा म्हाताऱ्या माणसांवर उघड अन्याय आहे. मुलाचा-सुनेचा पगार यात येत नाही; जॉइंट अकाउंट असेल तर साधारणपणे निम्मी रक्कम धरतात.

आता फरक बघा. घरी राहून मदत घेतली तर राहतं घर हिशेबाबाहेर राहतं आणि रोजच्या खर्चासाठी ठरावीक किमान रक्कम कौन्सिलला त्या माणसाच्या हातात ठेवावीच लागते. केअर होममध्ये कायमचं गेलं की घराची किंमत धरली जाते, फक्त पहिले १२ आठवडे सूट मिळते. जोडीदार किंवा साठी उलटलेले नातेवाईक त्या घरात राहत असतील तर तेव्हाही धरत नाहीत. घर लगेच विकायचं नसेल तर डिफर्ड पेमेंट मागता येतं: कौन्सिल आज पैसे भरते आणि पुढे घर विकल्यावर व्याजासह वसूल करते. कौन्सिल खर्च उचलत असेल तर पेन्शनमधले आठवड्याला जेमतेम ३० पौंड हातात उरतात आणि अटेंडन्स अलाउन्स (देखभालीची गरज असलेल्या म्हाताऱ्या माणसांचा सरकारी भत्ता) हाही चार आठवड्यांनी थांबतो. घरी असताना तो मिळकत न बघता मिळतो, त्यामुळे तो अर्ज आधी करा.

पुण्यातला फ्लॅट? तोही मालमत्ताच. घाईघाईनं मुलांच्या नावावर केला तर पैसे मुद्दाम कमी केले असं कौन्सिल ठरवू शकते. भेट देऊन सात वर्षं झाली की ती धरत नाहीत, हा नियम वारसा कराचा आहे, इथे तो लागू नाही.

घरीच ठेवायचं ठरलं तर डायरेक्ट पेमेंटचा विचार जरूर करा. कौन्सिल माणूस पाठवण्याऐवजी पैसे देते आणि केअरर (देखभाल करणारी व्यक्ती) तुम्ही निवडता. सासूबाईंसाठी आम्हाला मराठी बोलणाऱ्या बाई मिळाल्या. मऊ भात-वरण त्यांना सांगावं लागत नव्हतं आणि विसरत चाललेलं इंग्रजी मध्ये येत नव्हतं. मात्र अशा वेळी केअररला नोकरीवर ठेवणारे मालक आपण ठरतो: पगाराचा हिशेब, विमा, सुट्टीची पर्यायी सोय, सगळं आपल्याकडे. त्याच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाईकाला हे पैसे सहसा देता येत नाहीत. हा व्याप झेपणार नसेल तर कौन्सिलनंच केअरर लावलेले बरे. सगळं सांभाळणाऱ्या सुनेला किंवा मुलीलाही केअरर म्हणून वेगळं असेसमेंट मागण्याचा हक्क २०१४ च्या केअर ॲक्टनं दिलाय. तो बहुतेक घरांत कुणी वापरतच नाही.

माझं मत घरी ठेवण्याकडे झुकतं, पण रात्र सुरक्षित असेल तरच. स्मृतिभ्रंशामुळे माणूस मध्यरात्री दार उघडून बाहेर पडू लागला की दिवसात चारदा येणारा केअरर पुरत नाही. तेव्हा केअर होमच योग्य. आणि आजार खूप गंभीर, गुंतागुंतीचा असेल तर पैशांच्या तपासणीआधी एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) कंटिन्यूइंग हेल्थकेअरसाठी तपासणी मागा. त्यात बसलात तर देखभालीचा खर्च एनएचएस उचलते, मग घर आणि शिल्लक कोणी विचारत नाही.