लिबेल्फ की बीएफडी? ऑब्जेक्ट फाइल वाचायला कोणती घ्यावी

कोल्हापूरच्या शिरोली आणि उद्यमनगरातल्या कारखान्यांसाठी कंट्रोलर बोर्ड करणाऱ्यांना एक प्रश्न कायम छळतो: फ्लॅश (चिपमधली प्रोग्राम साठवायची मेमरी) कोण खातंय? बिल्ड झाली की प्रत्येक फंक्शनचा आकार सांगणारं छोटं टूल सी मध्ये लिहायचं म्हणून मी आधी बीएफडी धरली, नंतर लिबेल्फ; दोन्ही ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे कंपायलरने बनवलेली मशीन कोडची फाइल, वाचणाऱ्या लायब्ररी. ईएलएफ या ऑब्जेक्ट फाइलच्या फॉरमॅटचं हेडर स्वतःच सी च्या एफरीड फंक्शनने वाचायचा तिसरा रस्ता आहे, पण ३२ आणि ६४ बिटांचे दोन संच सांभाळायची हौस असेल तरच.

नुसती फाइल उघडण्यापुरतं बघितलं तर बीएफडीच सोपी. बीएफडी_ओपनआरला फाइलचं नाव द्यायचं, बीएफडी_चेक_फॉरमॅटने ती खरंच ऑब्जेक्ट आहे ना ते विचारायचं, झालं. ईएलएफ असो, विंडोजची सीओएफएफ असो की इंटेल हेक्स, पुढचा कोड बहुतेक तोच. लिबेल्फ ईएलएफ आणि त्यांच्या आर्काइव्हपलीकडे जात नाही. वर तिचे मानपान आहेत: आधी एल्फ_व्हर्जन, मग एल्फ_बिगिन, फाइल आपणच उघडून डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) द्यायचा आणि एल्फ_एंड होईपर्यंत तो सहसा बंद करायचा नाही.

माझं घोडं अडलं ते सिम्बॉलच्या, म्हणजे फाइलमध्ये नोंदलेल्या फंक्शन किंवा व्हेरिएबलच्या, आकारापाशी. बीएफडी सगळे फॉरमॅट एकाच साच्यात ओतते, आणि साच्यात न मावणारं गळून जातं; तिच्या मॅन्युअलमध्येच या गळतीवर वेगळा भाग आहे. तिच्या सिम्बॉलमध्ये नाव, व्हॅल्यू, फ्लॅग, सेक्शन सगळं आहे. आकार नाही! पण सिम्बॉलची यादी देणारं, बीएफडीवरच चालणारं एनएम टूल तर आकार दाखवतं, मग ते कुठून आणतं म्हणून त्याचा सोर्स उघडला. ते सरळ बीएफडीच्या आतल्या ईएलएफ स्ट्रक्चरवर कास्ट करतं, म्हणजे सिम्बॉलला तेच स्ट्रक्चर समजून वाचतं, आणि त्या स्ट्रक्चरचं हेडर नेहमीच्या डेव्ह (डेव्हलपमेंट) पॅकेजमध्ये मिळत नाही. म्हणजे एकतर बिनयुटिल्सचा (बीएफडी आणि एनएम ज्यात येतात तो संच) अख्खा सोर्स बाळगा, नाहीतर लागोपाठच्या पत्त्यांची वजाबाकी करा. वजाबाकीत मधलं पॅडिंगही (जागा भरायला टाकलेले बाइट) फंक्शनच्या नावावर चढतं. जिथे शेवटचे काही बाइट वाचवायचे असतात तिथे असला हिशेब काय कामाचा?

लिबेल्फमध्ये जीएल्फ_गेटसिम बोलावलं की एसटी_साइझ, म्हणजे आकार, समोर. बोर्डाची फाइल ३२ बिटी आर्म आणि टेबलावरचा संगणक ६४ बिटी, तरी स्ट्रक्चर एकच. बिग एंडियन (संख्येचा मोठा बाइट आधी ठेवणारी) चिप आली तरी एल्फ_गेटडेटा बाइट फिरवूनच देते.

बाकीच्या कुरबुरी लहान आहेत. बीएफडीचं हेडर घेतलं की ते आधी कॉन्फिग.एच मागतं, म्हणून लोक उगाच पॅकेज नावाचा मॅक्रो ठोकून देतात. २०२० मध्ये बिनयुटिल्स २.३४ आलं तेव्हा सेक्शनच्या मॅक्रोंची नावं आणि आर्ग्युमेंट बदलली आणि चालता कोड कंपाइल होईना. लायसन्सही बघून घ्या: बीएफडी जीपीएल ३ (टूल वाटलं तर त्याचा सोर्सही द्यावा लागतो), तर एल्फयुटिल्समधली लिबेल्फ एलजीपीएल ३ खालीही घेता येते. गिऱ्हाइकाला टूल बंद स्वरूपात द्यायचं असेल तर हा फरक जड पडू शकतो.

तुमच्याकडे चार प्रकारच्या फाइल येत असतील तर बीएफडीला नावं ठेवायचं मला तरी कारण दिसत नाही. पत्त्यावरून सोर्सची ओळ काढायलाही तिच्याकडे तयार फंक्शन आहे. लिबेल्फवाल्याला त्यासाठी ड्वार्फ (फाइलमधली डीबग माहिती) वाचणारी लिबडीडब्ल्यू सोबत घ्यावी लागते. मी तेवढ्यासाठी टूलमधून अ‍ॅडर२लाइन चालवतो. ते आतून बीएफडीच आहे म्हणा, पण तिचे नखरे सांभाळायचं काम तिथे दुसऱ्याचं आहे.