गिअरबॉक्समध्ये 'नवीन' प्लॅनेटरी सेट, 62 हजार गेले

ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स खोलायला देणार असाल तर आधी हे वाचा. माझी 2012 ची सेकंडहँड गाडी, चार गिअरची, कात्रजचा घाट चढताना पहिल्या-दुसऱ्यात कुंईंईं करायची आणि तिसरा पडला की एकदम गप्प. तिसरा म्हणजे डायरेक्ट, 1:1, जितके फेरे आत तितकेच बाहेर, त्यात प्लॅनेटरी सेटची चाकं, म्हणजे मधलं सन, त्याभोवतीचे प्लॅनेट आणि बाहेरची रिंग, सगळं एकत्र फिरतं, दाते एकमेकांवर फिरतच नाहीत, म्हणजे दुखणं प्लॅनेटरीतच.

पुण्यातल्याच एका गॅरेजवाल्याने खोलून व्हॉट्सअ‍ॅपला फोटो टाकला, कॅरिअरवरच्या (प्लॅनेट चाकं धरणारी चौकट) एका पिनियनचे, म्हणजे प्लॅनेट चाकाचे, दाते खड्डे पडून खरबरीत, ते ज्यावर फिरतं ती पिन तापून निळी पडलेली. म्हणला, साहेब अख्खा सेटच नवीन टाकू, 62 हजार. मी म्हणलं टाका. बिल कच्चं दिलं, जुने पार्ट मागितले तर "ते गेले की भंगारात". तिथंच खटकायला पाहिजे होतं, पण गाडी लोण्यासारखी पळत होती ना.

दोन महिन्यांनी खंबाटकीत परत तेच रडणं. गॅरेजवाला फोन उचलेना, मग भोसरीत एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे नेली. गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या पॅनमधल्या चुंबकावर थोडा करडा चिखल असतोच, पण यात चक्क पिनियनच्या बेअरिंगचे सुईसारखे निडल रोलर निघाले, दोन मोडलेले. तेल मधासारखं घट्ट, कसलंतरी अ‍ॅडिटिव्ह ओतून आवाज दाबलेला. कॅरिअर बाहेर आला आणि मी सहज तो जुना फोटो काढला, तर कडेला चंद्रकोरीसारखा तोच टवका! दाते नुसते पॉलिश पेपरने घासलेले, आणि पिनियन हलू नये म्हणून एकाच्या जागी दोन-दोन वॉशर कोंबलेले, फीलर गेजचं (फट मोजायची पाती) सगळ्यात पातळ पातं पण आत जाईना. काका म्हणले गॅपच ठेवली नाही तर तेल जाणार कुठून, रोलर जळणारच.

आता कॅरिअर नाना पेठेतून स्वतः जाऊन आणला, पक्क्या बिलावर. तेलाचा कूलर आणि पाइप पण फ्लश करून घेतले, नाहीतर त्यात अडकलेला चुरा नव्या पार्टमध्ये जातो. सगळे मिळून अजून 40 हजार.

ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय, 2 वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंत फी नाही. पुरावा काय तर कच्ची पावती, यूपीआयची नोंद आणि त्यानेच पाठवलेला फोटो. जुना कॅरिअर पिशवीत घालून घरी आणलाय, बायको विचारते हे तेलकट भंगार शोकेसमध्ये कशाला.